चार मिनिटांचे दिग्दर्शक

चित्रपटांच्या समीक्षेत 'एमटीव्ही छापाचा' हे विशेषण गेली चाळीस वर्षं शिवीसारखं वापरलं जातं. भराभर होणारे कट, धुरातून येणारे प्रकाशाचे झोत, देखणी पण पोकळ माणसं आणि कथेच्या नावाने आनंद, एवढं सगळं त्या एका विशेषणात बसतं. म्युझिक व्हिडिओ करणारा दिग्दर्शक पहिला चित्रपट घेऊन आला आणि तो पडला, की निदान तयारच असतं: याला चार मिनिटांची सवय, दोन तास कसे झेपणार? निदान सोपं आहे, पण या मंडळींचे पहिले चित्रपट ओळीने तपासले तर ते टिकत नाही. त्यांतल्या काहींनी पहिल्याच फेरीत असे चित्रपट दिले की मुरलेल्या दिग्दर्शकांनी हेवा करावा. काही जण आपटले, आणि पुढच्याच चित्रपटात त्याच शैलीने, त्याच डोळ्याने उभे राहिले. नडली ती शैली असती तर असं घडलं नसतं. माझ्या मते व्हिडिओच्या धंद्यात त्यांना एक गोष्ट रोज आयती मिळत होती आणि तिची खरी किंमत त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हती. ती गोष्ट म्हणजे गाणं. पहिल्या चित्रपटाचं यशापयश बरंचसं एका प्रश्नावर ठरलं: गाण्याची जागा घेणारं दुसरं काही त्यांच्या हाती होतं की नव्हतं?

धंदा नवा होता, वाट मात्र जुनी. लंडनच्या जाहिरातपटांतून ॲलन पार्कर, रिडली स्कॉट, एड्रियन लाइन ही मंडळी एमटीव्हीच्या आधीच मोठ्या पडद्यावर आली होती. पार्करचा 'बग्सी मलोन' १९७६ चा, स्कॉटचा 'द ड्युएलिस्ट्स' १९७७ चा. स्कॉटने तोवर जाहिरातींचा ढीग उपसला होता. दृश्य देखणं कसं करावं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी पहिल्या चित्रपटासाठी त्याने जोसेफ कॉनरॅडची कथा घेतली. नेपोलियनच्या सैन्यातले दोन अधिकारी क्षुल्लक कारणावरून द्वंद्व खेळतात आणि मग वर्षानुवर्षं खेळतच राहतात. कान महोत्सवात या चित्रपटाला पदार्पणाचं पारितोषिक मिळालं. पुढच्या पिढीचा हिशेब मांडताना हे उदाहरण हाताशी ठेवलेलं बरं.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. त्यावर दाखवलेला पहिला व्हिडिओ बगल्स या ब्रिटिश जोडीचा होता आणि त्याचा दिग्दर्शक होता रसेल मल्काही हा ऑस्ट्रेलियन तरुण. वाहिनीला दिवसभर दाखवायला माल हवा होता, रेकॉर्ड कंपन्यांना जाहिरात हवी होती. खर्च कंपनी करायची आणि बऱ्याचदा त्यातला वाटा गायकाच्या रॉयल्टीतून वळता करून घ्यायची. कामाची रीत ठरून गेली. गाणं चार-पाच दिग्दर्शकांकडे जाई, प्रत्येक जण पान-दोन पानांचं टिपण लिहून देई, त्याला ट्रीटमेंट म्हणत. एकाचं टिपण निवडलं जाई, एक-दोन दिवसांचं शूटिंग, मग एडिटिंग, आणि काही आठवड्यांत काम पडद्यावर. सेटवर मोठ्या स्पीकरमधून गाणं वाजे आणि गायक त्यावर ओठ हलवी. स्लो मोशन हवं असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, कॅमेराही दुप्पट वेगाने फिरवायचा. पडद्यावर ओठ बरोबर जुळतात, केस आणि कपडे मात्र तरंगत राहतात. सेटवरचा आवाज घ्यायचाच नसल्याने दिग्दर्शक शॉट चालू असताना खुशाल ओरडून सूचना देऊ शकत असे, मूकपटांच्या काळात देत तसा. संवाद नाहीत, नट नाहीत, बहुतेकदा कथाही नाही. वर दिग्दर्शकाचं नाव प्रेक्षकाला कळतही नसे. एमटीव्हीने व्हिडिओबरोबर दिग्दर्शकाचं नाव दाखवायला सुरुवात केली ती १९९२ च्या अखेरीस.

या कामात गाणं नेमकं काय देतं ते जोनाथन ग्लेझरने १९९६ मध्ये जमिरोक्वाय या बँडसाठी केलेल्या 'व्हर्च्युअल इनसॅनिटी'त स्वच्छ दिसतं. पांढरट खोलीत एक माणूस नाचतो आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकते आहे असं वाटतं. प्रत्यक्षात जमीन जागच्या जागी होती. भिंती चाकांवर होत्या, बाहेरून माणसं त्या ढकलत होती आणि कॅमेरा भिंतीशी जखडलेला होता. कल्पना एकच, खोली एकच, नाचणारा एकच, आणि तरी चार मिनिटं नजर हलत नाही. का? कारण कधी सुरू करायचं, कधी चढवायचं, कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे संपवायचं हे गाण्याने आधीच ठरवून ठेवलं आहे. कीर्तनकार संतांचं मूळपद घेऊन उभा राहतो आणि त्याच्यावर तास रंगवतो तसंच हे आहे. मूळपद त्याचं नसतं, पण ते घट्ट असतं म्हणूनच त्याला मनसोक्त फिरता येतं. व्हिडिओच्या दिग्दर्शकाला दर महिन्याला असं एक मूळपद तयार मिळत होतं. चित्रपटात ते नसतं. तिथे काळ स्वतःहून पुढे सरकत नाही, तो प्रसंगांनी आणि संवादांनी ढकलावा लागतो.

या धंद्याचं सर्वांत नावाजलेलं दुकान म्हणजे लॉस एंजेलिसमधलं प्रोपगंडा फिल्म्स. १९८६ मध्ये स्टीव्ह गोलिन आणि सिगुरजॉन सिग्वाटसन या निर्मात्यांनी काही दिग्दर्शकांना बरोबर घेऊन ते थाटलं. त्या दिग्दर्शकांत डेव्हिड फिंचर होता. तेव्हा तो पंचविशीतही पोचला नव्हता. त्याआधी जॉर्ज लुकासच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत त्याने हात मळवले होते. पुढच्या चार वर्षांत त्याने जे केलं त्याला तोड नाही. मॅडोनाचं 'एक्स्प्रेस युअरसेल्फ' (१९८९) त्याने फ्रिट्झ लँगच्या 'मेट्रोपोलिस'ची आठवण करून देणाऱ्या कारखान्यात बसवलं, आणि त्या वेळचा सर्वांत महागडा व्हिडिओ म्हणून ते गाजलं. जॉर्ज मायकलने पडद्यावर यायलाच नकार दिला, तर फिंचरने पाच मॉडेल्सकडून त्याच्या गाण्यावर ओठ हलवून घेतले. १९९० च्या एमटीव्ही पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनासाठी चार नामांकनं होती, त्यांतली तीन एकट्या फिंचरची. अशा माणसाकडे हॉलिवूड गेलं नसतं तरच नवल. मात्र ते ज्या तऱ्हेने गेलं, त्यातच पुढच्या घोळाचं मूळ आहे.

ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला 'एलियन' मालिकेचा तिसरा भाग हवा होता. पहिला रिडली स्कॉटचा, दुसरा जेम्स कॅमेरॉनचा, दोन्ही तुफान चाललेले. तिसऱ्यासाठी विज्ञानकथालेखक विल्यम गिब्सनपासून एकामागून एक लेखक झाले आणि त्यांच्या पटकथा बाजूला पडल्या. रेनी हार्लिन हा दिग्दर्शक येऊन गेला. मग न्यूझीलंडचा व्हिन्सेंट वॉर्ड आला. त्याची कल्पना अशी, की एक लाकडी ग्रह, त्यावर यंत्रांचा त्याग केलेले संन्यासी, आणि तिथे येऊन आदळलेली मालिकेची नायिका रिप्ली. वॉर्डचंही स्टुडिओशी जमलं नाही, पण तोवर सेट उभारायला लागले होते आणि प्रदर्शनाची घाई सुटली होती. मठाचा तुरुंग झाला, संन्याशांचे कैदी झाले, आणि कैद्यांना एक धर्मपंथ चिकटवून जुन्या कल्पनेचं ठिगळ तसंच ठेवलं गेलं. अशा अवस्थेत अठ्ठावीस वर्षांच्या फिंचरला बोलावण्यात आलं. जानेवारी १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत कॅमेरा फिरू लागला तेव्हा पटकथा पूर्ण नव्हती. निर्माते वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर ती लिहीतच होते. काही दिवसांतच छायाचित्रकार जॉर्डन क्रोननवेथला आजारपणामुळे काम सोडावं लागलं, त्याच्या जागी ॲलेक्स थॉमसन आला. पुढे स्टुडिओने शूटिंग थांबवलं, काही भाग लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा चित्रित करवला आणि एडिटिंगही आपल्या मर्जीने करून घेतलं.

मे १९९२ मध्ये चित्रपट आला आणि अपेक्षेप्रमाणे 'व्हिडिओवाल्याला कथा सांगता येत नाही' असा शिक्का बसला. पण चित्रपट नीट पाहावा. त्यातली दृश्यं ठसठशीत आहेत. गंजलेली भट्टी, मुंडन केलेल्या कैद्यांची डोकी, छताला उलटा लटकलेला कॅमेरा, यांत कुठेही हात थरथरत नाही. डळमळते ती माणसांची ओळख. कैद्यांतला कोण कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, कारण लिहिणाऱ्यांनीच ते ठरवलेलं नव्हतं. फिंचरने पुढे हा चित्रपट आपला मानलाच नाही. २००३ मध्ये फॉक्सने जुन्या प्रतीवरून अधिक लांबीची आवृत्ती तयार केली, तेव्हाही तो तिच्या वाटेला गेला नाही. जो माणूस मूळपद हातात आल्याशिवाय कधी सेटवर उभा राहिला नव्हता, त्याला ते शूटिंगच्या मध्यावर शोधायला लावलं होतं. हे काम अनुभवी दिग्दर्शकालाही जड गेलं असतं, हेही कबूल केलं पाहिजे. अनुभवी माणूस फार तर पटकथा पूर्ण होईपर्यंत हजर व्हायला नकार देऊ शकला असता, आणि नवशिक्याकडे नेमकी तीच ताकद नसते.

यानंतर फिंचर परत व्हिडिओ आणि जाहिरातींकडे गेला. १९९४ मध्ये त्याने रोलिंग स्टोन्ससाठी व्हिडिओ केला. म्हणजे मधल्या काळात कथा सांगण्याचं कुठलं नवं शिक्षण त्याला मिळालं नव्हतं. आणि १९९५ मध्ये 'सेव्हन' आला. बदललं काय होतं? अँड्र्यू केव्हिन वॉकर नावाच्या लेखकाने न्यूयॉर्कमधल्या रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करता करता ही पटकथा लिहिली होती, शब्दन्‌शब्द पूर्ण, सात पापांच्या सात पायऱ्यांवर उभी. तिचा भयंकर शेवट निर्मात्यांना नको होता आणि त्यांनी सौम्य केलेला खर्डाही तयार होता, पण फिंचरच्या हाती चुकून मूळ खर्डा पडला आणि तो त्यावर अडून बसला. आता चित्रपट पाहा. ज्याला एमटीव्ही शैली म्हणतात ती फक्त सुरुवातीच्या श्रेयनामावलीत आहे, आणि ती केली काइल कूपरने. बाकीचा चित्रपट संथ आहे. रात्रीच्या ग्रंथालयात म्हातारा पोलीस अधिकारी पुस्तकं चाळतो, वर गॅलरीत पहारेकरी पत्ते खेळतात, आणि बाखचं संगीत लागतं. घाई कसलीच नाही. तोच डोळा, तोच हात, फरक फक्त एवढाच की यावेळी मूळपद आधी होतं.

हा एकट्या फिंचरचा योगायोग नाही. मेरी लँबर्टचं बघा. मॅडोनाचे सुरुवातीचे गाजलेले व्हिडिओ तिचे, आणि या पुरुषी धंद्यात टिकून राहिलेल्या मोजक्या स्त्रियांतली ती एक. तिचा पहिला चित्रपट 'सिएस्टा' (१९८७) स्वप्न आणि आठवणींच्या धुक्यात हरवला. दोन वर्षांनी तिने 'पेट सिमेटरी' केला. कादंबरी स्टीफन किंगची आणि पटकथाही त्यानेच लिहिलेली. तो धो धो चालला. एफ. गॅरी ग्रेचं उदाहरण तर माझ्या मुद्द्यासाठी बेतून घ्यावं इतकं चपखल आहे. त्याने १९९३ मध्ये रॅपर आइस क्यूबच्या 'इट वॉज अ गुड डे'चा व्हिडिओ केला. लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीतला एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत, एवढंच त्या गाण्यात आहे. दोन वर्षांनी ग्रेचा पहिला चित्रपट 'फ्रायडे' आला. लेखक आइस क्यूब आणि डीजे पूह, चित्रपटात एक गल्ली, एक दिवस, ओट्यावर बसलेले दोन रिकामटेकडे मित्र. बजेट जेमतेम ३५ लाख डॉलर, शूटिंग सुमारे तीन आठवड्यांचं, आणि धंदा त्याच्या कैक पट. म्हणजे ज्याने गाणं लिहिलं त्यानेच चित्रपट लिहिला, आकारही जवळपास तोच. ग्रेला नवं काही शोधावं लागलं नाही, लांबी वाढवावी लागली.

स्पाइक जोन्झकडे आलं ते याच्या अगदी उलट टोकाचं मूळपद होतं. चार्ली कॉफमनची 'बीइंग जॉन माल्कोविच' ही पटकथा हॉलिवूडमध्ये हातोहात फिरत होती. वाचून सगळे खूश, करायला कुणी तयार नाही. नट जॉन माल्कोविचच्या डोक्यात शिरण्याचं भुयार एका कचेरीच्या साडेसातव्या मजल्यावर सापडतं, अशा कथेला पैसा कोण घालणार? अखेर निर्मात्यांत प्रोपगंडाचा गोलिन होता आणि आर.ई.एम. बँडचा गायक मायकल स्टाइपही होता. व्हिडिओच्या दुनियेनेच आपल्या माणसासाठी ही पटकथा उचलली असं म्हणायला हरकत नाही. जोन्झचे व्हिडिओ चक्रम होते. बीस्टी बॉइजला त्याने सत्तरच्या दशकातल्या पोलिसी मालिकेचे नायक केलं, वीझर बँडला जुन्या विनोदी मालिकेच्या हॉटेलात नेऊन बसवलं. पण १९९९ च्या या चित्रपटात त्याने चक्रमपणा जवळजवळ बंद ठेवला आहे. साडेसातव्या मजल्याचं छत खरोखर बुटकं बांधलं, माणसं वाकून फायली नेताना दाखवली आणि कॅमेरा शहाण्यासारखा एका जागी ठेवला. मजकूरच इतका विचित्र आहे की वर दृश्यांचा झगमगाट नको, हे ओळखणं ही त्याची खरी हुशारी. पहिल्याच चित्रपटासाठी त्याला ऑस्करचं दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं. ग्लेझरने 'सेक्सी बीस्ट'मध्ये (२०००) पहिल्या काही मिनिटांत टेकडीवरून घरंगळणारा धोंडा निवृत्त गुंडाच्या तरणतलावात आदळवला आणि आपण व्हिडिओवाले आहोत याची पावती फाडून टाकली. त्यानंतरचा चित्रपट मात्र बोलतो. लुई मेलिस आणि डेव्हिड सिंटो यांनी लिहिलेल्या शिवराळ, लयबद्ध संवादांवर बेन किंग्जली स्वयंपाकघरात उभा राहून समोरच्याला शब्दांनी बडवतो, आणि ग्लेझर बाजूला राहून ते घडू देतो. त्या संवादांना ठेका आहे. तो त्याला ऐकू आला, कारण त्याचा कान आधीच गाण्यावर तयार झालेला होता.

इथे एक सरळ आक्षेप येतो. चांगली पटकथा चांगल्या दिग्दर्शकाकडेच जाते, तेव्हा हे सगळं गुणवत्तेचंच माप आहे, मूळपदाचं नव्हे. हा आक्षेप दोन वेगवेगळ्या माणसांची तुलना करताना खरा ठरेल. फिंचर आणि लँबर्ट यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही, कारण तिथे माणूस तोच आहे आणि मधला काळ दोन-तीन वर्षांचा. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. मिशेल गोंद्री हा ब्योर्कच्या व्हिडिओंचा जादूगार. त्याचा पहिला चित्रपट 'ह्यूमन नेचर' (२००१) त्याच कॉफमनने लिहिलेला होता, पूर्ण लिहिलेला होता, आणि तो आपटला. मग तयार पटकथेचा फायदा काय झाला? मला वाटतं यावरून माझा मुद्दा खोटा ठरत नाही, थोडा आवळावा मात्र लागतो. मूळपद नुसतं घट्ट असून भागत नाही, ते ज्याचा हात जिथे चालतो तिथे जागा सोडणारं हवं. गोंद्रीची करामत म्हणजे कॅमेऱ्यासमोरच वस्तू लहान-मोठ्या करणं, खोलीतून खोली काढणं, डोळ्यादेखत जग मोडणं. 'ह्यूमन नेचर' हे माणसातल्या पशूवरचं वाचाळ प्रहसन आहे, त्याला या करामतीची गरजच नाही. तीन वर्षांनी 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' आला तेव्हा मूळ कल्पना गोंद्रीच्या मित्राची, चित्रकार पिएर बिस्मूतची होती, गोंद्री ती घेऊन कॉफमनकडे गेला, आणि पटकथेचं ऑस्कर तिघांना मिळून मिळालं. आठवणी पुसल्या जातात, म्हणजे दृश्यं पडद्यावरून विरघळतात. स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली जिम कॅरी लहान मुलाएवढा दिसतो तो निव्वळ अंतराच्या आणि सेटच्या खेळाने. तिथे गाण्याची जागा आठवणीने घेतली.

मायकल बेचा 'बॅड बॉइज' (१९९५) हा तिसरा आक्षेप. पटकथा तकलादू, चित्रपट तेजीत. खरं आहे. पण तिथे मूळपद पटकथेत नव्हतं, निर्मात्यांच्या घरात होतं. डॉन सिम्पसन आणि जेरी ब्रकहायमर या जोडीने 'फ्लॅशडान्स' एड्रियन लाइनकडून आणि 'टॉप गन' टोनी स्कॉटकडून करून घेतला होता, दोघेही जाहिरातींतून आलेले. देखण्या चौकटी करणाऱ्या माणसाला कुठल्या साच्यात सोडायचं हे त्यांना पाठ होतं. त्यात विल स्मिथ आणि मार्टिन लॉरेन्स यांच्या अखंड बडबडीने संवादांची उणीव भरून काढली. ही वाट मला फारशी आवडत नाही, पण ती वाट आहे हे नाकारून चालणार नाही. मार्क रोमानेकने तर पटकथा स्वतः लिहिली. १९८५ मध्ये केलेला 'स्टॅटिक' मागे पडल्यावर तो सतरा वर्षं व्हिडिओत रमला आणि २००२ मध्ये 'वन अवर फोटो' घेऊन परतला. म्हणजे मूळपद दुसऱ्याचंच हवं असं नाही, कॅमेऱ्याआधी ठरलेलं हवं.

उरला हाइप विल्यम्स. नव्वदच्या दशकातल्या रॅपचं पडद्यावरचं रूप ज्याने घडवलं, त्याचा पहिला चित्रपट 'बेली' (१९९८). आज त्याचे चाहते त्याला दुर्लक्षित कलाकृती म्हणतात. त्यांचं म्हणणं ऐकताना एक गोष्ट जाणवते. ते पुन्हा पुन्हा सांगतात ती सुरुवातीच्या मिनिटांबद्दल: निळ्याजांभळ्या उजेडात नाइटक्लबात शिरणारे लुटारू, चमकणारी बुबुळं, आणि सोल टू सोलच्या गाण्यातला वाद्यांविना उरलेला आवाज. तो भाग खरोखर अप्रतिम आहे. पण तो एक व्हिडिओ आहे. गाणं थांबतं आणि चित्रपटाची चाल सुटते. विल्यम्सने त्यानंतर दुसरा कथापट केला नाही, याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या संधीनेच फिंचर आणि लँबर्ट सावरले होते.

भराभर कट करण्याचा आरोप तेवढा निकालात काढायला हवा. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड बोर्डवेलने शेकडो चित्रपटांतल्या शॉट्सची लांबी मोजली. १९३० ते १९६० या काळात हॉलिवूडमधला सरासरी शॉट साधारण ८ ते ११ सेकंदांचा होता, आणि ती लांबी घटू लागली साठच्या दशकापासून, म्हणजे एमटीव्ही जन्मायच्या बरंच आधी. व्हिडिओवाल्यांनी वेग आणला नाही, आलेल्या वेगात ते वाढले.

आपल्याकडे ही कहाणी वेगळी वळते, कारण आपल्या चित्रपटातून गाणं कधी बाहेर गेलंच नव्हतं. स्पीकरवर गाणं लावून ओठ हलवून घेण्याची जी रीत मल्काहीच्या पिढीला नवी वाटली, ती १९३५ च्या 'धूप छाँव'पासून आपल्या स्टुडिओंत रुळत गेली होती. दूरदर्शनवर 'छायागीत' आणि 'चित्रहार' बघणाऱ्यांना कथेतून सोडवलेलं गाणं स्वतंत्रपणे बघायची सवय एमटीव्हीच्या आधीच लागली होती. त्यामुळे गाण्यातून दिग्दर्शनाकडे जाणारा आपला पहिला मोठा माणूस व्हिडिओच्या कितीतरी आधीचा आहे. गुरुदत्त अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकला आणि १९४४ च्या सुमारास पुण्यात प्रभातमध्ये लागला. तिथल्या 'हम एक हैं'चं नृत्यदिग्दर्शन त्याचं, आणि तिथेच देव आनंदशी मैत्री जुळली. १९५१ मध्ये देव आनंदच्या नवकेतनने त्याला 'बाज़ी' दिला तेव्हा त्याच्याबरोबर कोण होतं? बलराज साहनी, लेखक म्हणून. जुगारी नायक, क्लबातली नर्तकी, गुन्हेगारी कथेचा घट्ट सांगाडा. त्या सांगाड्यात गुरुदत्तने गाण्यांना कथेचं काम करायला लावलं. गाणं येतं तेव्हा प्रसंग थांबत नाही, संवाद संपतो तिथून गाणं बोलू लागतं. प्रभातची ती जागा पुढे फिल्म इन्स्टिट्यूट झाली, पण गाण्याचा माणूस कथेकडे कसा वळतो याचा धडा तिथून एका नृत्यदिग्दर्शकाने आधीच गिरवला होता.

१९९४ मध्ये चॅनल व्ही, १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया आणि मधल्या वर्षी अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', ज्यात मिलिंद सोमण पेटीतून बाहेर येतो. इंडिपॉपच्या त्या लाटेने दिग्दर्शकांची एक तुकडी घडवली. 'मेड इन इंडिया'च्या केन घोषने २००३ मध्ये 'इश्क विश्क' केला, व्हिडिओ आणि मालिका करणाऱ्या अनुभव सिन्हाने २००१ मध्ये 'तुम बिन'. दोन्ही चालले. पण या दिग्दर्शकांना अमेरिकेतल्यासारखं गाण्यापासून तोडलं गेलं नव्हतं. पाच-सहा वेळा चित्रपट थांबून त्यांना त्यांचं हक्काचं काम देत होता. मधली कथा ठरीव राहिली तरी निभावलं, आणि म्हणूनच कदाचित ती ठरीव राहिली. आपल्या व्यवस्थेचा हा उदारपणा मला थोडा महागात पडलेला वाटतो.

प्रदीप सरकार याला अपवाद. शुभा मुद्गल यांचा 'अब के सावन', युफोरिया बँडचे व्हिडिओ, शेकडो जाहिराती, आणि मग २००५ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, पहिला चित्रपट 'परिणीता'. मूळपद शरत्चंद्रांचं, १९१४ चं, बिमल रॉय यांनी १९५३ मध्ये एकदा पडद्यावर आणलेलं. पटकथेत निर्माते विधू विनोद चोप्रांचा हात. पावसात भिजलेल्या खिडक्या, जुनं कोलकाता, शेजारच्या दोन घरांमधली भिंत, हे सगळं सरकारच्या व्हिडिओंतून ओळखीचं होतं. विद्या बालनसुद्धा युफोरियाच्या व्हिडिओत आधी दिसली होती. पण इथे खिडकीला काम आहे, कारण शरत्चंद्रांच्या कथेत कोण कुणाच्या घरात डोकावतं यावरच सगळं फिरतं. त्या वर्षीचा पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार 'परिणीता'ला मिळाला.

मराठीत व्हिडिओतून आलेल्यांची अशी लाट आली नाही, पण जाहिरातीतून आलेल्या रवी जाधव यांची वाट त्याच नियमाने गेलेली दिसते. 'नटरंग' (२०१०) म्हटलं की लोकांना अजय-अतुलच्या लावण्या आठवतात, आणि त्या लावण्यांचं चित्रण जाहिरातीच्या शिस्तीत तावूनसुलाखून निघालेलं आहे. चित्रपट मात्र उभा आहे तो आनंद यादवांच्या कादंबरीवर, तमाशासाठी पहिलवानी सोडून नाच्या होणाऱ्या गुणा कागलकरावर. लावण्या बाजूला काढल्या तरी गुणाची गोष्ट चालत राहते. त्यानंतर जाधवांनी 'बालगंधर्व' (२०११) केला, आधार एका नटाच्या चरित्राचा. मग 'बालक-पालक' (२०१३), आधार अंबर हडप यांच्या नाट्यलेखनाचा. पहिल्या तिन्ही चित्रपटांत त्यांनी कथा आधी पक्की करूनच कॅमेरा लावला. फिंचरला जे पाइनवुडमध्ये मिळालं नाही, ते जाधवांनी स्वतःहून निवडलं.